सेकंदाला तीस हजार किलोमीटर

"सर, गॅस बाहेर पडतोय! सुसाट सुटलाय! मधोमध नुसता आगडोंब आहे, आजूबाजूचं सगळं उधळून लावणार!"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेली सून फोनवर ओरडली आणि बाहेर डुलकी काढणाऱ्या सासूबाई ताडकन उठल्या. पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. अर्धी दाढी झालेल्या सासऱ्यांना त्यांनी दंडाला धरून खाली नेलं. वाटेत दिसेल ते दार बडवलं. तळमजल्यावरचे दंतवैद्य तर तोंड वासलेल्या पेशंटसकट रस्त्यावर आले. कुणीतरी इमारतीची वीज तोडली, कुणीतरी अग्निशमन दलाला बोलावलं.

इकडे इंटरनेट गेलं, सरांचा फोनही मध्येच तुटला. सून चरफडतेय तोवर शिरस्त्राण घातलेला अधिकारी धाडकन आत घुसला.

"गॅस कुठाय?"

कुणीतरी आपणहून विचारलं, याचाच सुनेला कोण आनंद! तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हा काय! लोखंडाची रेघ किती सरकलीय बघा!"

"लोखंड राहू द्या, बाई. बंद कसा करायचा?"

"बंद? तो कुणाच्या बापाच्यानेही बंद होणार नाही!"

अधिकाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "पलीकडची इमारतही रिकामी करा रे!" असं ओरडत त्याने तिला लॅपटॉपसकट खाली आणलं.

"अगं, कुठवर पोचेल तो?" सासूबाईंनी धापा टाकत विचारलं.

"अख्ख्या दीर्घिकेत, आई!"

"ही कुठली गल्ली?"

आता कुठे सुनेच्या डोक्यात प्रकाश पडला. मग तिने भर रस्त्यात सगळं समजावलं: दूरच्या एका दीर्घिकेच्या पोटात अजस्र कृष्णविवर आहे, त्यात पडू पाहणारा वायू इतका तापतो, की गिळला जाण्याआधीच त्यातला काही सेकंदाला तीस हजार किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो; त्याच्या किरणांमधली लोखंडाची रेघ किती सरकली, त्यावरून हा वेग कळतो. नव्या ताऱ्यांना लागणारा मालमसालाही तो उडवून नेऊ शकतो.

"म्हणजे आमच्या हद्दीबाहेर," अधिकाऱ्याने सुस्कारा टाकला. पण त्यालाही पडदा पुन्हा बघायचाच होता. पेशंट बधिर तोंडाने "बाफ रे!" म्हणाला.

तेवढ्यात सरांचा, म्हणजे तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शकांचा, फोन आला. "हे बघ, एवढा वेग... मला शंका वाटते. घाई नको. जाहीर करायला थोडं थांबू या."

सुनेचा चेहरा उतरला. सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला.

"शंका कसली घेता, सर? इथे दोन इमारती रिकाम्या झाल्यात!"