पुतळाची साक्ष

केस मी जिंकलेलीच होती. फक्त कोर्टात जायचं बाकी होतं!

शहाण्णव सालचा जानेवारी. तुर्भ्याच्या ज्या कारखान्यात रंगाचे डबे बनवण्यात मी तीस वर्षं घातली, तिथून पत्र आलं. 'श्री. नामा यांची जन्मतारीख एक जून अडतीस. सबब एकतीस मे रोजी अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त.' मी खदाखदा हसलो. अहो, आमच्या गावच्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाची जन्मतारीख एक जून लावलेली! एकाच दिवशी अंड्यातून बाहेर यायला आम्ही काय कोंबडीची पिल्लं?

त्यात बापाच्या पेटीत एक जुनी वही सापडली. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, 'शके १८६५, चैत्र. मुलगा झाला.' म्हणजे सन त्रेचाळीस! म्हणजे मी फक्त बावन्न वर्षांचा! पाच वर्षं नोकरी वाढली!

आमचे वकील बाजीराव. वही बघून त्यांनी टेबलावर थाप मारली. "नामाशेठ, टेन्शन घेऊ नका! फक्त साक्षीला घरचं माणूस आणा. बायको आहे ना? सोन्याहून पिवळं!"

त्याच दिवशी मी केस काळे केले. कलप जरा जास्त झाला, कपाळ बुटाला पॉलिश केल्यासारखं चमकायला लागलं. जुईनगरच्या आमच्या बिल्डिंगचे जिने दोन-दोन पायऱ्या उड्या मारत चढू लागलो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो की पाच मिनिटं बोलता यायचं नाही, पण तरुण दिसायचो!

घोटाळा झाला पाण्याच्या टाकीपाशी. शेजारच्या वेणूबाईंनी माझ्या बायकोला, पुतळाला, विचारलं, "काय गो, तुज्या मतदानाच्या कार्डावर जन्म एकेचालीसचा ना? मंग नामाभावजींपेक्षा तू दोन वर्सांनी मोठी! नवऱ्याची ताई झालीस की!"

बायका अशा हसल्या की टाकी भरून वाहायला लागली.

पुतळा घरी आली ती गप्प. आठ दिवस गप्प! मला वाटलं, साक्षीची तयारी करतेय.

ठाण्याच्या कोर्टात तिनं नऊवारीचा पदर खोचला आणि पिंजऱ्यात उभी राहिली. बाजीरावांनी वही दाखवून मोठ्या ऐटीत विचारलं, "बाई, हा जन्म कोणाचा?"

"यांच्या धाकल्या भावाचा, हौसेरावचा!"

बाजीरावांच्या हातातून पेन पडलं.

"पुतळा!" मी ओरडलो.

"गप बसा!" न्यायाधीश साहेब म्हणाले. "बाई, तुम्हाला कसं ठाऊक?"

"सासूनं सांगलंय ना, साहेब. हौसेरावच्या वक्ताला सुईनीला बोलवायला कोन धावला? ह्योच! सात वर्सांचा होता. वाटंत काटा मोडला, तर सुईनीनं आदी याचा काटा काढला, मंग पोर!"

आणि काय सांगू! मला तो काटा आठवला. डावी टाच. भर कोर्टात माझा हात आपोआप टाचेकडे गेला, आणि तो साहेबांनी पाहिला!

कंपनीचे वकील ताडकन उठले. "साहेब, त्रेचाळीसला सात, म्हणजे जन्म छत्तीसचा! हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच निवृत्त व्हायला हवे होते!"

मी बाजीरावांकडे पाहिलं. बाजीराव छताकडे पाहत होते.

"बाई," साहेबांनी विचारलं, "नवऱ्याची नोकरी जाईल, कळतंय ना?"

"जाऊंद्या नोकरी! पन मी लहान हाय, तसं लिवा!"

निकाल दोन ओळींचा. 'तीस वर्षं ज्या तारखेखाली मुकाट सह्या केल्या, तीच खरी.' एकतीस मेला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन मी घरी आलो. आठ दिवस मीही पुतळाशी बोललो नाही. नवव्या दिवशी तिनं कोलंबीची आमटी केली. आता उपाशी राहून कोणती केस परत चालणार होती?

"चला," ती म्हणाली, "मोऱ्याला माझ्या माहेरी जाऊ. आता सुट्टीच हाय तुमाला."

मोऱ्याला जायला उरणच्या एसटीत बसलो. कलप एव्हाना पार उडालेला. कंडक्टरनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि वय न विचारता तिकीट फाडलं.

"आजोबांचं म्हातारपणाचं अर्धं. ताईंचं फुल्ल!"

पुतळा उरणपर्यंत खिडकीबाहेर बघून हसत होती. मी कंडक्टरशी भांडणार होतो, खरंच! पण अर्धं तिकीट आधीच खिशात ठेवलं होतं.