हळदीतला कंट्रोलर

"हळदीला चार माणसांची बँजो पार्टी? कुठल्या जमान्यात आहात!" मुलुंडच्या सिद्धेश परबने सोसायटीच्या गेटपाशी जाहीर केलं. "एक लॅपटॉप, एक कंट्रोलर आणि मी. आपल्या सोसायटीतल्या दिशाची अख्खी हळद एकटा वाजवतो की नाही, बघाच!"

आता खरं सांगायचं तर ही उमेद दिशासाठी नव्हतीच. दिशाचे काका श्यामसुंदर, आणि त्यांची मुलगी निधी. निधीचं आणि सिद्धेशचं दोन वर्षांपासून जमलं होतं. सोसायटीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, फक्त काकांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी तर चिपळूणचं एक स्थळ हेरूनही ठेवलेलं. म्हणून आधी हळदीत काकांवर छाप पाडायची आणि दुसऱ्याच दिवशी मागणी घालायची, असा हा बेत!

खरेदीला घाटकोपरच्या वाद्यांच्या दुकानात सिद्धेशची आई, सुलक्षणाबाईही गेल्या. दुकानदार बिचारा समजावून सांगत होता, "कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचा. म्हणून आधी सॉफ्टवेअर ठरवा."

"आवाजच नाय?" आई दचकल्या. "मग ह्या खोक्यात भरलंय काय?"

"बटणं, आई."

"मग ती एकसष्ट पट्ट्यांची पेटी घे ना! पंचवीस पट्ट्यांत काय डोंबल वाजणार?"

सिद्धेशने पंचवीस पट्ट्यांचाच घेतला. त्यावर रबराची सोळा चौकोनी बटणं होती आणि तो पाठीवरच्या बॅगेत मावत होता. सॉफ्टवेअर मात्र त्याने फार विचार करून निवडलं. एकात नुसते वाद्यांचे आवाज होते, दुसऱ्यात रेकॉर्ड केलेला कुठलाही तुकडा हव्या त्या बटणावर चढवता येत होता. बोट ठेवलंय तोवर तो तुकडा तालात पुन्हापुन्हा वाजणार. सिद्धेशने दुसरं घेतलं, ते केवळ सातव्या बटणासाठी!

त्याचं असं की, हळदीआधी सोसायटीतले लवूकाका मालवणी गाऱ्हाणं घालतात. प्रत्येक मागण्यामागे जमलेल्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं असतं. हल्ली तीन म्हातारे म्हणतात, बाकीचे मोबाइलवर. सिद्धेशने गावच्या जत्रेतला चाळीस माणसांचा दणदणीत "होय म्हाराजा!" सातव्या बटणावर चढवला. लॅपटॉपचं झाकण चुकून पडलं तरी कार्यक्रम थांबू नये, अशीही सोय करून ठेवली. हुशार माणूस!

हळदीच्या संध्याकाळी तो जरा कपडे बदलायला गेला, तेवढ्यात आईंनी नव्या यंत्राची पूजा उरकली. सोळा बटणांना सोळा कुंकवाची बोटं, वर मूठभर अक्षता. वस्तू नवी म्हटल्यावर एवढं नको का?

लवूकाकांनी माइक धरला. "बा देवा म्हाराजा! आज दिशा चेडवाच्या हळदीक सगळी लेकरां जमली हत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!"

सिद्धेशने बटण दाबलं. "होय म्हाराजा!" मांडव हादरला! श्यामसुंदरकाका चक्क हसले. निधीने लांबून अंगठा दाखवला. लवूकाकांना तर भरतंच आलं.

"आणि आमचो सिद्धेश नि निधी दोन वर्सां चोरून फिरतत, तेंचाय लगीन लवकर जमांदे रे म्हाराजा!"

दचकून सिद्धेशचं बोट बटणावर जोरात आपटलं. एक अक्षता फटीत शिरली आणि बटण आत गेलं ते वर येईना.

"होय म्हाराजा!"

श्यामसुंदरकाका ताडकन उठले. "हे कोणी ठरवलं? मला विचारलं?"

"होय म्हाराजा!"

"बंद कर ते! बाप आहे मी तिचा!"

"होय म्हाराजा!"

सिद्धेशने वायर उपटली. पण बोट उचलल्याचा निरोप सॉफ्टवेअरला मिळालाच नव्हता, ते निष्ठेने वाजतच राहिलं. त्याने लॅपटॉपचं झाकण आपटलं. तरी चालूच. सोय त्यानेच केली होती ना!

"म्हणजे मी मूर्ख?" काका ओरडले.

"होय म्हाराजा!"

आता मोबाइलवाले सगळेच हसत हसत सुरात सामील झाले. चिपळूणच्या स्थळाचे मामा तिसऱ्या रांगेत बसले होते, ते उठून चपला शोधायला लागले. शेवटी निधीने जाऊन स्पीकरचा प्लगच काढला.

सिद्धेशला वाटलं, संपलं सगळं. निधीही गेली आणि इज्जतही गेली.

काका त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. "गाऱ्हाणं देवापुढे झालंय. अख्ख्या सोसायटीने दहा वेळा होकार दिलाय. आता मी नाही म्हणून देवाशी वैर घेऊ?"

"म्हणजे... काका..."

"म्हणजे लग्न लावून देतो. एकच अट. स्वतःच्या हळदीत तू फक्त हळद लावून घ्यायची. त्या यंत्राला हात लावलास तर लग्न मोडलं! कबूल?"

सिद्धेशने नुसती मान डोलावली. तोंडाने होय म्हणायची त्याची काही छाती झाली नाही.