पंचांसमक्ष उघडलेली कात्री

आमच्या न्हावरे गावात कुणाकडं पार्सल आलं तर माणूस ते फोडतो. रंगनाथआप्पा त्याचा पंचनामा करतात.

त्याला दोन पंच लागतात. एक मी, आणि दुसरा त्या वेळी रस्त्यानं जाणारा कुणीही. ओट्यावर सतरंजी, मधोमध खोकं, माझ्या हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. आप्पा खोक्याच्या सहाही बाजू कॅमेऱ्याला दाखवतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "चिकटपट्टी शाबूत. पंचांनी हात लावून बघावं." एकदा साध्या चपलांच्या पार्सलसाठी त्यांनी दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर धरून आणला होता.

"आप्पा, दूध नासंल वो," तो काकुळतीला आला.

"नासू दे. पुरावा नासला न्हाई पायजे."

आप्पा बरीच वर्षं गावचे पोलीस पाटील होते. पद गेलं, भाषा राहिली. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. घरात कुणाला फॉर्म वाचताही येत नव्हता, तेव्हा माझा शिष्यवृत्तीचा प्रत्येक फॉर्म आप्पांनी स्वतः भरला, आणि एसटीनं शिरूरला जाऊन जमाही केला. आज मी रांजणगावच्या कंपनीत क्वालिटी खात्यात आहे, तो त्या फॉर्मांमुळं. म्हणून आप्पांचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडं असतो. ते मला नावानं हाक मारत नाहीत. 'ग्रॅज्युएट' म्हणतात.

कुठल्याही वेबसाइटवरून काही घेण्याआधी आप्पा तिची चौकशी करतात, ती मुलीचं स्थळ बघायला गेल्यासारखी. पत्ता कुठला? फोन कोण उचलतं? माल परत घेणार का, आणि परत पाठवायचा खर्च कुणाचा? कस्टमचा कर किमतीत धरलाय का दारात मागणार? तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव काय? मी एकदा म्हणालो, "आप्पा, वर कुलपाचं चित्र आहे, म्हणजे साइट सुरक्षित आहे."

"कुलूप चोराच्या घरालाबी असतं, ग्रॅज्युएट."

एकदा त्यांना मेसेज आला, 'तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलं आहे, लिंक दाबून शुल्क भरा.' आप्पांनी लिंक दाबली नाही. उलट उत्तर टाकलं, 'जप्तीच्या पंचनाम्याची प्रत पाठवावी.' पुन्हा मेसेज आला नाही.

तर अशा माणसानं गेल्या वर्षी परदेशातून एक कात्री मागवली. डावखुऱ्या माणसाची, शिंप्याची. सुमनकाकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवतात आणि त्या डावखुऱ्या आहेत. मी म्हणालो, "शिरूरच्या बाजारात बघू की." आप्पा म्हणाले, "शिरूर झालं, दौंड झालं, यवतबी झालं. दुकानदार हसत्यात. म्हणत्यात, कात्रीला कुठं डावं-उजवं असतं व्हय?"

विक्रेत्याची चौकशी सुरू झाली. आप्पांनी त्याच्याकडं ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला मागायला सांगितला. मी तो मागितला, इंग्रजीतून. उत्तर आलं, 'डिअर फ्रेंड, डोन्ट वरी.'

"वळख न्हाई, पाळख न्हाई, आन् डिअर? ह्यो माणूस बरा न्हाई," आप्पा म्हणाले. पण तसली कात्री दुसऱ्या कुणाकडं सापडेना. शेवटी त्याच्याकडूनच मागवली, माझ्या कार्डावरून.

कात्री आली. पंचनाम्यात आप्पांनी सांगितलेला मजकूर माझ्याकडं अजून आहे : 'सदर कात्री उजव्या हाताची निघाली. पंचांनी ती डाव्या हातात धरून कापड कापले असता कापड कापले न जाता दुमडले.'

विक्रेत्यानं कळवलं, कात्री उलटी करून धरा. आप्पांनी उलटी धरली. पंचनाम्यात ओळ वाढली : 'उलटी धरली असता पाते फिरून होते तिथेच आले.' मग तो म्हणाला, थोडे पैसे परत देतो, कात्री ठेवून घ्या. "मांडवली करतोय," आप्पा म्हणाले. मग म्हणाला, अजून तीन आठवडे थांबा. आप्पा ताठ बसले. "मुदत घालवतोय ह्यो! बँकेत तक्रार करायची मुदत कुठवर हाय बघ." बघितलं. दहा दिवस उरले होते. ग्राहकांच्या सरकारी मदत क्रमांकावरच्या बाईंनीही तेच समजावलं. विक्रेत्याचं आपल्या देशात ऑफिसच नसेल तर त्याला गाठणं अवघड, आधी कार्डाच्या बँकेकडं दाद मागा.

रविवारी आम्ही बँकेचा फॉर्म भरायला बसलो. ऑर्डरचा कागद, जाहिरातीचा फोटो, चॅट, व्हिडिओ, सगळं जोडलं. शेवटचा रकाना होता, 'आपले काय नुकसान झाले?' काकी शेजारी गेल्या होत्या. एरवी आप्पा न थांबता सांगतात. त्या दिवशी त्यांनी तो रकाना मला दोनदा वाचायला लावला.

"लिव्ह," ते म्हणाले. "लग्न नवं व्हतं. हिनं डाव्या हातानं भाकरी वाढली म्हणून आईनं चारचौघांत हिच्या हातातली परात काढून घेतली. मी तिथंच जेवत व्हतो. मी बोललो न्हाई. जेवत ऱ्हायलो."

मी टाईप करता करता थांबलो. इतकी वर्षं माझे फॉर्म ज्यांनी भरले, त्यांना 'हे बँकेत चालत नाही' असं सांगवेना. रकान्यात मी एवढंच लिहिलं, 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.'

"लिव्हलं?"

"लिहिलं, आप्पा."

बँकेनं आमच्या बाजूनं निकाल दिला. पैसे परत आले. दुसरा विक्रेता शोधायला आणखी दोन महिने गेले, आणि कात्री खरोखर डावी आली.

काकींनी कापडावर खडूनं रेघ मारली, कात्री डाव्या हातात धरली आणि कापायला लागल्या. वीतभर गेल्या आणि थांबल्या.

"अगंबाई, रेघ दिसतीया."

"म्हंजी?" आप्पा म्हणाले.

"त्या जुन्या कात्रीचं पातं रेघंवर यायचं. मी अंदाजानंच कापायची."

"इतकी वर्सं? आन् बोलली न्हाईस?"

"इचारलं कुणी?" काकी हसत म्हणाल्या. रागानं नव्हे.

कापडाचं दुसरं टोक ओट्यावरून खाली लोंबत होतं. आप्पा खाली बसले, ते टोक दोन्ही हातांनी उचलून ताणून धरलं, आणि काकींचं कापून होईपर्यंत तसंच धरून राहिले.