सोबिराआपांचे दोन हात

"या खेपेला मी दचकणार नाही," सोबिराआपांनी सकाळीच जाहीर केलं. "आभाळ कोसळू दे, नाहीतर मर्गिलानमधल्या सगळ्या कढया एकदम पडू देत. भिंतीला टेकवून ठेवलेल्या गादीसारखी बसून राहीन."

"मागच्या खेपेलाही गादीच म्हणाला होतात," सून हाफिझा म्हणाली.

मागच्या खेपेला नात मुनीसाला बघायला आलेल्या बायकांसमोर चहादाणीचं झाकण फरशीवर पडलं. आपांनी अशी किंकाळी फोडली की पाहुण्या चहा न पिताच निघून गेल्या. तेव्हा कोणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण तो मुलगा मुनीसाला आवडला नव्हता. पण आज इल्योरची माणसं यायची होती. इल्योरचं नाव निघालं की मुनीसा भरलेल्या पेल्यात पुन्हा चहा ओतायची. बोलणी झाली होती. आता फक्त दोन्ही घरांनी मिळून नान मोडायचा, आणि घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईनं दुवा मागायची. ती बाई म्हणजे सोबिराआपा.

आपांच्या कानात आवाज होता. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी रेशमाच्या गिरणीत मागावर काढली होती. गिरणी सुटली, मैत्रिणी पांगल्या, पण एक माग कानात चालूच राहिला. कधी तो रातकिडा व्हायचा, कधी मंद आचेवरची किटली, तर कधी लांबून येणारी आणि कधीच न पोचणारी आगगाडी. वसंतात शेजारच्या खोलीत रेशमाचे किडे पाळले की त्यांच्या तुतीची पानं खाण्याचा आवाज रिमझिम पावसासारखा घरभर पसरायचा. आपांच्या कानातला माग त्या पावसात विरघळून जायचा. मग त्या उशी घेऊन किड्यांच्या दाराशीच झोपायच्या.

त्रास व्हायचा तो अवचित आवाजाचा. डोक्यात कुणी घंटा बडवल्यासारखं व्हायचं. पूर्वी त्या कानात कापूस कोंबायच्या. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "कापूस काढा. शांततेत तो आवाज जास्तच माजतो. मोठा आवाज झाला की दोन्ही तळवे कानांवर ठेवा, सावकाश श्वास घ्या आणि हात खाली आणा."

उपाय लागू पडला. पण ती डॉक्टरीण कधी सोयरिकीच्या बैठकीत बसली नसावी.

मुनीसानं दाराला लोकरीच्या जाड नमद्याची पट्टी ठोकली, पेल्यांखाली कापड घातलं आणि भिंतीपलीकडच्या शरीफचाचांना सांगून आली. शरीफचाचा लग्नात कर्नाय वाजवायचे. पुरुषभर उंचीची पितळी तुतारी ती, फुंकली की दोन गल्ल्यांतली कबुतरं उडायची.

"आज हात लावायचा नाही, चाचा."

"सोयरीक पक्की होईपर्यंत नाही लावत," शरीफचाचा म्हणाले. "पण पक्की झाली, की मग मला अडवायचं नाही."

आपांनी शेवटचा हुकूम सोडला, "माझ्या कानाचं कोणी बोलायचं नाही. म्हणतील, घरात आजार आहे. आजीचा कान वाजतो, उद्या नातीचाही वाजेल."

पाहुण्या आल्या. पुढे मुलाची आजी तुर्सुनोय, मागे तिच्या दोन सुना. तुर्सुनोयचा आवाज असा, की तिनं "साखर नको" म्हटलेलं चौकातल्या दुकानदारालाही कळावं. चहा झाला, जर्दाळू झाले. आपा खरोखरच गादीसारख्या बसल्या होत्या.

तेवढ्यात अंगणात हाफिझाच्या हातून कढईचं लोखंडी झाकण निसटलं.

आपांचे दोन्ही हात वर गेले. चेहऱ्यासमोरून कानांकडे, डॉक्टरणीनं सांगितलं तसे. वडीलधाऱ्या बाईचे तळवे वर गेलेले दिसताच पाहुण्यांनीही तळवे उघडले, "आमीन" म्हणून चेहऱ्यावरून फिरवले आणि उठून उभ्या राहिल्या. बैठक संपली की दुवा, आणि दुवा झाली की निघायचं. हे लहान मुलालाही ठाऊक असतं.

"पुलाव नव्हता का व्हायचा?" तुर्सुनोयनं सुनेला विचारलं. कुजबुजत, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं.

हाफिझा धावत आत आली. "बसा, बसा. ही आल्याची दुवा होती. आमच्याकडे आल्याची वेगळी आणि जाण्याची वेगळी."

पाहुण्या गोंधळून पुन्हा बसल्या. पण भिंतीपलीकडे शरीफचाचांनी "आमीन" ऐकलं होतं. सोयरीक पक्की झाली, असं समजून त्यांनी तुतारी उचलली, छाती भरून घेतली आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे फुंकली.

आपांचे हात पुन्हा वर. पाहुण्यांचे तळवे पुन्हा वर. "आमीन." पुन्हा सगळ्या उभ्या. धाकट्या सुनेनं तर एक चप्पल पायातसुद्धा घातली.

"आपा," तुर्सुनोय म्हणाली, "एकदा उठवलंत, चूक समजले. दोनदा उठवलंत. यालाच उत्तर समजायचं का?"

किड्यांच्या खोलीच्या पडद्याआडून मुनीसाचा पांढराफटक चेहरा दिसला. हाफिझानं बोलायला तोंड उघडलं, पण आपांनी तिच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

"तुम्हाला माझी शपथ आहे," आपा म्हणाल्या. "पुलाव खाल्ल्याशिवाय जायचं नाही."

शपथेपुढे इलाज नव्हता. पाहुण्या जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या कडेला टेकल्या. आणि आपांनी आयुष्यातला सगळ्यात पक्का निर्णय घेतला. त्या स्वतःच्या दोन्ही हातांवर बसल्या.

पुलाव आला. आपांनी घासाला हात लावला नाही, कारण हात मोकळे नव्हते.

"खात का नाही?" तुर्सुनोयनं विचारलं.

"उपास आहे."

"आत्ता माझ्यासमोर तीन जर्दाळू खाल्लेत."

"म्हणूनच पुलावाचा उपास."

पण पुलाव असा जमला होता की तुर्सुनोयचा राग हळूहळू शितांसारखा मोकळा झाला. "मुलगी आम्हाला हवीच आहे," ती म्हणाली. "आणा तो नान."

तिनं एकीकडून धरला, हाफिझानं दुसरीकडून. नान मोडला. आता आपांची दुवा. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. खोली अगदी शांत झाली.

आणि शांतता हीच तर आपांच्या कानाची वेळ. आतला माग सुरू झाला. पलीकडून किड्यांचा पाऊस आला आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. आपांना गिरणीची लांब खोली दिसली, खिडक्यांतून तिरपं ऊन, त्यात तरंगणारे रेशमाचे तंतू. मागांच्या गदारोळात काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून मुली ओठांवरून एकमेकींचं बोलणं वाचायच्या. कोणीतरी पोरगी दूरच्या मागावरून हसून काहीतरी सांगत होती. आपा ते वाचायचा प्रयत्न करत होत्या.

"आपा?" तुर्सुनोय म्हणाली. "आपा, दुवा."

आपा गोड हसल्या. अंगाखालचे हात केव्हाच बधिर झाले होते.

"यांच्या मनात नाही," धाकटी सून पुटपुटली आणि तिनं दुसरी चप्पल शोधायला सुरुवात केली.

पडद्याआड मुनीसा उभी होती. आजीची झोप मोडू नये म्हणून ती वर्षानुवर्षं दारं हातानं धरून लावत आली होती. तिनं आजीकडे पाहिलं, मोडलेल्या नानाकडे पाहिलं. मग तुतीच्या पानांचं तांब्याचं भलंमोठं तबक उचललं, डोळे मिटले आणि सोडून दिलं.

खिडकीच्या काचा थरथरल्या. आपांचे बधिर हात स्प्रिंगसारखे उडाले आणि वर गेले.

"आमीन," दोन्ही सुना म्हणाल्या. "आमीन," हाफिझा म्हणाली, जरा जास्तच जोरात.

आपांनी सावकाश श्वास घेतला आणि डोळे उघडले. समोर तुर्सुनोय बसली होती. तिनं आमीन म्हटलं नव्हतं. तिचे तळवे चेहऱ्यावर नव्हते, ते कानांवर घट्ट दाबलेले होते, आणि तीही सावकाश श्वास घेत होती.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग तुर्सुनोयनं आवाज न करता नुसते ओठ हलवले. आपांना प्रत्येक अक्षर वाचता आलं.

"कोणता?"

"दोन्ही," आपांनीही तसंच उत्तर दिलं. "तुमचा?"

"डावा. कताई खात्यात होते. घरी कुणाला ठाऊक नाही."

"आमच्याकडूनही कळायचं नाही, विहीणबाई."

भिंतीपलीकडे शरीफचाचांनी पुन्हा "आमीन" ऐकलं होतं. तुतारी उचलताना ती भिंतीला घासल्याचा आवाज आला. दोघी म्हाताऱ्यांनी अजिबात घाई न करता हात कानांवर ठेवले.

या वेळी कोणी उठलं नाही. फक्त धाकट्या सुनेनं, तोंडात पुलावाचा घास असताना, सवयीनं आमीन म्हटलं.