एक्का राखून ठेवला आहे

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर एकच कारकून बसत असे आणि जेवणानंतर तो थकत असे. नागरिकांना हे ठाऊक होतं, म्हणून ते सकाळीच येत. कुणाचं काही अडत नव्हतं. पण इतकं सुरळीत चाललेलं काम वरिष्ठांच्या नजरेतून फार काळ सुटत नाही.

साहेबांना त्या सुमारास संगणकावरच्या एका खेळाचं वेड लागलं होतं. खेळ बेसबॉलचा, पण त्यात धावायचं नाही की फेकायचं नाही. आपण संघाचे व्यवस्थापक व्हायचं आणि बसल्या जागी माणसं बदलायची. हुद्दा ओळखीचा असल्यामुळे साहेब लगेच रमले. फक्त सामने हरत होते. त्यांचा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, सुरुवातीला झकास फेकायचा. साहेब मात्र त्याला शेवटपर्यंत पिदडायचे. मग त्याच्या नावाखालची हिरवी पट्टी लाल व्हायची आणि समोरचा संघ धुलाई करायचा.

"बाबा, राखीव पिचर कशाला असतात मग?" लेक म्हणाली. "हा दमायच्या आत दुसरा आणा. आणि सगळ्यात भारी आहे ना, त्याला उगाच वाया घालवू नका. सामना हातातून जातोय असं वाटलं की तेव्हा पाठवा."

साहेबांनी यातलं 'वाया घालवू नका' एवढंच ऐकलं. उरलेलं ज्ञान त्यांनी खेळाच्या मदतीच्या पानावरून घेतलं. तिथे लिहिलं होतं, की भारी पिचर शेवटच्या डावात आणि आपण पुढे असू तरच आणण्याची वहिवाट आहे.

सोमवारी परिपत्रक निघालं. खिडकीवरील कारकुनाची पट्टी लाल होण्यापूर्वीच त्यास बदलण्यात येईल. माणसाला पट्टी नसते, म्हणून एक देखरेख अधिकारी नेमला गेला. तो कारकुनाच्या तोंडाकडे टक लावून बसे आणि जांभई दिसली की घंटी वाजवी. जेवणाच्या खोलीचा सराव कक्ष झाला. तिथे राखीव कारकून हवेत शिक्के मारून हात मोकळे करत, आणि डबे जिन्यात बसून खात. डावखुऱ्या नागरिकांसाठी एक खास कारकून होता. त्याला कधी काम पडलं नाही, त्यामुळे त्याची तब्येत सुधारली.

आणि नळ जोडण्याच्या हुकमावर सही करण्याचा अधिकार असलेला एकुलता एक ज्येष्ठ लिपिक झाला 'एक्का'. पूर्वी तो चहा पिता पिता सह्या करायचा. आता त्याला हातांची खुर्ची मिळाली. सहीचा हात गार पडू नये म्हणून त्याने त्यावर लोकरी मोजा चढवला आणि तो कुणाशी बोलेनासा झाला.

अशात लाँड्रीवाल्या काकूंचा नळ तोडला गेला. तोडायचा होता शेजारच्या बंद दुकानाचा. गिऱ्हाइकांचे कपडे साबणात आणि खळबळायला थेंब नाही.

"चूक तुमची आहे. एक सही करा न् नळ जोडा," काकू खिडकीत म्हणाल्या. "गिऱ्हाइकं दारात येऊन बसलीत. धंदा बुडेल हो माझा!"

"कळलं, काकू. ते बंद दुकान कुठल्या बाजूला…" म्हणता म्हणता कारकुनाला जांभई आली. घंटी वाजली. दुसरा येऊन बसला. आधीच्याच्या चुका नव्याच्या माथी नकोत, म्हणून त्याने नियमानुसार पहिल्यापासून सुरुवात केली. "बोला, काय तक्रार?"

संध्याकाळपर्यंत काकूंनी एकच कहाणी इतक्या ताज्या चेहऱ्यांना सांगितली, की त्यांचाच चेहरा शिळा झाला. शेवटी त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"तो एक्का नुसता बसलाय ना आत? त्याला आणा की!"

"आणता येत नाही. आपण पुढे असलो तरच तो येतो. खिडकीसमोर रांग आहे, म्हणजे कार्यालय मागे आहे."

"मागे आहे म्हणून तर आणायचा ना!"

"आणि त्याचं नाव खराब झालं तर? आजवर त्याच्या हातून एक तक्रार बिघडलेली नाही."

"एकही त्याच्यापर्यंत गेलीच नाही!"

"तेच तर म्हणतोय मी," साहेब समाधानाने म्हणाले.

काकू उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "साहेब, तुमचा कोटही साबणातच आहे बरं का."

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. उत्कृष्ट व्यवस्थापनाचं बक्षीस घ्यायला तोच कोट घालायचा होता. पण परिपत्रकावर सही त्यांचीच. "नियम सगळ्यांना सारखा," ते कसंबसं म्हणाले.

काकू चिडल्या होत्या, पण डोकं जाग्यावर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी रांग गोळा केली आणि समोरच्या फुटपाथवर नेऊन उभी केली. खिडकी ओस पडली. देखरेख अधिकारी चपापला. रांग नाही, तक्रार नाही. कार्यालय चक्क पुढे होतं! बंद व्हायची वेळ झाली तशी त्याने घंटी वाजवली. एक्का आला, बसला, त्याने मोजा काढला. तेवढ्यात काकू रस्ता ओलांडून आल्या. चहा निवायला लागतो त्याहून कमी वेळात सही झाली. ते पाहून बाकीचे धावले. पण रांग लागली, कार्यालय पुन्हा मागे पडलं, आणि एक्का मोजा चढवून आत गेला.

काकूंचा नळ आला आणि धंदा वाचला. कोट मात्र साबणात मुरून एवढासा झाला होता.

"अहो, कपाटात नवा कोट आहे की!" बायको म्हणाली. "घडीसुद्धा मोडली नाहीये त्याची."

"तो लेकीच्या लग्नासाठी राखून ठेवलाय."

"लेक आठवीत आहे."

साहेबांनी आटलेला कोट घालून, कोपर न वाकवता बक्षीस घेतलं. मानपत्रात लिहिलं होतं, की या कार्यालयातील एकही कर्मचारी वर्षभरात थकला नाही. टाळ्या झाल्या.

हसलात? हसा. हसून झालं की उठा, काचेच्या कपाटातल्या त्या चांगल्या कपबशा काढा आणि आजचा चहा त्यातून घ्या. कान तुटलेल्या कपातून घरच्या माणसांना किती दिवस पाजणार?

काय म्हणालात? कुणी पाहुणे आले की काढू?

साहेबांकडे देखरेख अधिकाऱ्याची एक जागा निघाली आहे. तुम्हाला नक्की जमेल.