डेल्फीनने कोणालाही मारलेले नाही, याबाबत

व्हरमाँटमधल्या ईस्ट टिडमार्श या आमच्या गावाची वार्षिक सभा मार्चच्या पहिल्या मंगळवारी शाळेच्या जिममध्ये भरते. त्या वर्षीच्या विषयपत्रिकेत रस्त्यावर टाकायचं मीठ, आगीच्या बंबाचे टायर आणि कुत्र्यांचे परवाने यांच्यानंतर पुढचा विषय होता: 'गावच्या रहिवासी श्रीमती डेल्फीन मार्कोट यांनी आपल्या नवऱ्यांचा खून केलेला नाही, असे हे गाव जाहीर करते काय?' मी गावचा थोरला पंच असल्यामुळे विषयपत्रिका मीच लिहितो. वाक्य प्रश्नार्थक ठेवायची आमच्याकडे प्रथा आहे. गाव काय म्हणेल हे आधीच गृहीत धरणं लोकशाहीत बसत नाही.

विषय खुद्द डेल्फीननेच मांडला होता, आणि त्याच्या मुळाशी होती विनिफ्रेड स्टोक्सची कादंबरी. विनिफ्रेड आमच्या गावात नवीनच आहे. म्हणजे तेव्हा बावीस वर्षं झाली होती, पण तिचे आजोबा इथे जन्मलेले नाहीत. तिच्या कादंबरीत डोंगरातलं एक खेडं आहे, त्यात एक बेकरीवाली बाई आहे, आणि ती रुबार्बची पाई खाऊ घालून तीन नवऱ्यांना यमसदनी धाडते. रुबार्बच्या झुडपाचे आंबट देठ साखर घालून पाईच्या पारीत भरतात, पानं मात्र विषारी, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. ती बाई देठ विकते आणि पानं नवऱ्यांसाठी राखून ठेवते.

आता गावात बेकरी एकच, डेल्फीनची. तिची रुबार्बची पाई तीन गावांत प्रसिद्ध. त्यात तिचे दोन नवरे झालेले. पहिल्याने स्वतःच तोडलेलं मेपलचं झाड स्वतःच्याच अंगावर घेतलं, तेही चारचौघांदेखत. दुसरा, रोलंड, दाताच्या डॉक्टरांकडच्या मदतनीस बाईबरोबर फ्लोरिडाला पळून गेला. कादंबरी येईपर्यंत लोक 'फ्लोरिडाला गेला' असं सरळ म्हणत. कादंबरी आल्यावर 'फ्लोरिडाला' म्हणताना भुवया वर जाऊ लागल्या, आणि डेल्फीनच्या पाई काचेच्या कपाटात वाळू लागल्या.

कादंबरीत इतरही पात्रं आहेत. एक देखणा, दयाळू डॉक्टर आहे. एक पेट्रोल पंपवाला आहे, जो पाणचट कॉफी विकतो, स्वतःला फार शहाणा समजतो आणि गावाच्या नावाखाली आपली पोळी भाजून घेतो. माझाही पेट्रोल पंप आहे, पण हे पात्र तिने कोणावरून घेतलं असेल हे मला अजूनही कळलेलं नाही.

सभेत डेल्फीन उभी राहिली. तिच्या अंगावर पीठ लागलेला एप्रन तसाच होता.

"मी फार काही मागत नाही," ती म्हणाली. "दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. असंच चाललं तर भट्टी विझवावी लागेल मला. दुसरं काही येत नाही हो मला. गावाने एवढंच म्हणावं की मी कोणाला मारलं नाही. खरंच नाही मारलं."

"मारलं नाहीस तर मग एवढं मनाला का लावून घेतेस?" मागून कोणीतरी विचारलं. मुद्दा विचार करण्यासारखा होता.

तेवढ्यात युनिस कॉब काठी आपटत उठली. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. "माझी हरकत आहे! दोन नवऱ्यांची बाई पुस्तकात जाते म्हणजे काय? मी तीन पुरलेत. चांगले धडधाकट होते तिघेही. माझ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही ते!"

सभापती लायमनने हातोडा आपटला. लायमन गुरांचा डॉक्टर आहे, त्यामुळे गावाला आवरणं त्याला जमतं. त्याने शेवटच्या रांगेत विणत बसलेल्या विनिफ्रेडला उभं केलं.

"विनिफ्रेड, सभेला खरं काय ते सांग. ही माणसं तुला सुचली कुठून?"

"कुठून म्हणजे? डोक्यातून."

"डोक्यात कुठून आली?"

"अहो, मी खिडकीशी बसते. बाहेर काही घडेल म्हणून वाट बघते. बावीस वर्षांत काही घडलं नाही. मग नाइलाजाने मनानेच रचलं."

"म्हणजे आमच्यापैकी त्यात कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

तोपर्यंत अर्धं गाव पुस्तकात आपण आहोत म्हणून चिडलेलं होतं. आता सगळं गाव आपण नाही म्हणून चिडलं.

"आमच्यात राहतेस, आमच्या मेपलचा पाक खातेस, आणि उचलावा असा एक माणूस सापडला नाही तुला?" युनिस ओरडली. "आम्ही काय दगडधोंडे आहोत?"

"बाई," लायमन विनिफ्रेडला गंभीरपणे म्हणाला, "'सुचलं' हा काही पुरावा होत नाही."

मग रीतीप्रमाणे विषय एक वर्ष पुढे ढकलून प्रेरणा-शोध समिती नेमण्यात आली. अध्यक्षपद माझ्याकडे आलं, कारण मी पुस्तकात नाही, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती. नंतर जेवण झालं. डेल्फीनने आणलेली पाई टेबलाच्या मधोमध होती. शेजारचे बीन्स संपले, मांस संपलं, बटाट्याचं सॅलड तर भांडं पुसून खाल्लं. पाईपाशी आल्यावर प्रत्येकाचं पोट अचानक भरत होतं.

समितीने काम कसून केलं. आम्ही घरोघर गेलो. प्रत्येकाला शेजारी कोणत्या पानावर आहे हे तोंडपाठ होतं. देखण्या डॉक्टरच्या जागेसाठी चार दावे आले. त्यांतला एक माझा होता, तो मी नम्रपणे मागे घेतला. पेट्रोल पंपवाल्याच्या बाबतीत साऱ्या गावाचं एकमत झालं, परंतु वेळेअभावी ते इतिवृत्तात घेता आलं नाही.

शेवटी आम्ही विनिफ्रेडच्या घरी जाऊन त्या खिडकीचीच पाहणी केली. खिडकीतून एक पडवी, उलटी ठेवलेली हातगाडी आणि शेजाऱ्याची एक गाय दिसते. समितीतला प्रत्येक जण आळीपाळीने खुर्चीत बसला आणि त्याने गाईकडे पाहिलं. कोणालाही खून सुचला नाही. तेव्हा समितीने असा निष्कर्ष काढला की कादंबरीतली ती बाई गाईवरून सुचणं शक्य नाही, सबब ती डेल्फीनवरूनच सुचलेली असणार.

"पण मला तसं सुचलं नाही हो," विनिफ्रेड चहा ओतताना म्हणाली.

"तुम्ही लेखक," मी तिला समजावलं. "तुम्हाला ते कसं कळणार?"

एवढ्यात मेपलची पानं लाल व्हायचे दिवस आले आणि बॉस्टन-न्यूयॉर्ककडचे पाहुणे गाड्या भरभरून आले. एरवी ते झाडं बघायला येतात. या वेळी बगलेत पुस्तक होतं. माझ्या पंपावर थांबून विचारत, "ती विष घालणारी कुठे राहते?" अधिकारी माणसाने चालू प्रकरणावर मत देऊ नये, म्हणून मी फक्त बोट दाखवत असे. पाहुण्यांना पुस्तकातली पाणचट कॉफी हवी होती. माझ्याकडे नेहमीची होती, तीच दिली. त्यांना ती अगदी हुबेहूब वाटली. कमाल आहे.

डेल्फीनच्या दुकानासमोर रांगा लागल्या. पण पाहुणे पाई हातात घेत, गळा धरून डोळे फिरवल्यासारखं करत, फोटो काढत आणि पाई परत देत. खायला कोणी तयार नव्हतं. भूक लागली की ते माझ्याकडे येऊन सँडविच घेत. चर्चच्या आवारात गाड्या लावायला जागा उरली नाही, आणि चर्चचं छप्पर गेली कित्येक वर्षं गळत होतं ते गाड्या लावण्याच्या भाड्यातून नवं झालं. विषाचं पाप इतक्या लवकर फेडलं गेल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

एका सकाळी डेल्फीन पंपावर आली.

"ॲन्सेल, लहानपणापासून ओळखतोस मला."

"अर्थात."

"तुझ्या लग्नाचा केक मी केला."

"फार छान झाला होता."

"मेलास का खाऊन?"

"तेव्हा पुस्तक आलं नव्हतं, डेल्फीन."

मला तिची कीव आली, हे मोकळेपणाने सांगतो. पण मी तिला गावाची अडचण सांगितली. ती निर्दोष ठरली तर पाहुणे यायचे बंद होणार. आपापसात आम्ही तिला निर्दोष मानायला तयार होतो, फक्त ते कुठे जाहीर व्हायला नको होतं.

"आपापसात निर्दोष मानता, तर मग आपापसात पाई घ्या की विकत," ती म्हणाली आणि गेली. रागाच्या भरात बायका असं काहीतरी बोलून जातात.

पुढच्या मार्चच्या सभेला डेल्फीन एकटी आली नाही. तिच्या शेजारी, पहिल्या रांगेत, उन्हाने रापलेला, पातळ जाकिटात कुडकुडणारा एक माणूस बसला होता. तो रोलंड होता. ज्या माणसाचं नाव घेतलं की ती पीठ जोरात आपटायची, त्याला तिने स्वतः फोन करून बोलावून घेतलं होतं. यावरून तिची गरज केवढी होती हे कोणालाही कळलं असतं. कळलंही. म्हणूनच प्रकरण नियमाने हाताळणं आवश्यक झालं.

"माझा दुसरा नवरा," डेल्फीन म्हणाली. "हा बोलेल. एवढंच सांगेल की तो जिवंत आहे."

रोलंड उठला. "मंडळी, मी..."

लायमनचा हातोडा पडला. "थांबा. आपण या गावचे मतदार?"

"नाही, मी फ्लोरिडाला..."

"रहिवासी नसलेल्या व्यक्तीला सभेत बोलायचं असेल तर दोन-तृतीयांश मतं लागतात. नियम जुना आहे. मतदान घेऊ."

"अहो, मतदान कसलं घेता? बघा ना त्याच्याकडे!" डेल्फीनचा आवाज चिरकला. "श्वास घेतोय तो!"

"श्वास घ्यायला सभेची हरकत नाही," लायमन म्हणाला. "प्रश्न बोलण्याचा आहे."

हात वर करून मतदान झालं. बाजूने डेल्फीनचा हात होता, विनिफ्रेडचा होता आणि युनिसचा होता, कारण दोनातला एक नवरा जिवंत निघाला तर आपला दावा बळकट होईल असा तिचा हिशेब होता. बाकी सभा आपल्या बुटांकडे बघत होती. रोलंडने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा हातोडा पडला. सभेपुढे कोणताही पुरावा न आल्यामुळे मूळ विषय पुन्हा एक वर्ष पुढे गेला. रोलंडला गावाच्या गाडीने बस स्टँडवर पोहोचवण्याचा ठराव मात्र आभारांसह एकमताने मंजूर झाला. गाव पाहुणचारात कमी पडलं असं कोणी म्हणू नये.

मी पाहिलं, शेवटच्या रांगेत विनिफ्रेडने विणकाम खाली ठेवलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तिची दुसरी कादंबरी पुढच्या हिवाळ्यात आली. तिच्यात एक गाव आहे. ते गाव एका जिवंत माणसाला आपण जिवंत आहोत एवढं सांगू देत नाही. हातोडा आहे, बूट आहेत, श्वासाबद्दलचं ते वाक्यही जसंच्या तसं आहे. गावातल्या प्रत्येकाने ती वाचली, आणि या वेळी तक्रारीला जागाच नव्हती.

"आता कुठे बाईंनी सगळं मनाने रचलंय," युनिस म्हणाली. "अशी माणसं कुठे असतात का?"

लायमनला सभापतीचं पात्र ओढूनताणून आणलेलं वाटलं. मला थोरला पंच पटला नाही. इतका आपमतलबी माणूस निवडून कसा येईल? मी दर वेळी बिनविरोध येतो, म्हणून मला यातलं थोडंफार कळतं.

त्या मार्चच्या सभेत डेल्फीनचा विषय निघालाच नाही. तो मांडायला ती उभीच राहिली नाही. बेकरीच्या काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी लागली होती. जेवणाच्या वेळी ती आली, कोट न काढता, आणि टेबलाच्या मधोमध पाई ठेवली. भट्टीतली शेवटची. बीन्स संपले, मांस संपलं. मग डेल्फीनने सुरी घेतली, स्वतःच एक तुकडा कापला, जिमच्या मधल्या टेबलावर बसली आणि खायला लागली.

चमच्यांचे आवाज थांबले. लायमनने घड्याळाकडे पाहिलं. युनिस खुर्चीत पुढे सरकली. मी अँब्युलन्ससाठी फोन हातात घेतला. थोरल्या पंचाची ती जबाबदारीच असते. डेल्फीन शांतपणे घास घेत होती. शेवटचा घास झाल्यावर तिने ताटली चमच्याने निपटली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "साखर जरा कमी पडली." मग दार उघडून बर्फात निघून गेली.

आम्ही बराच वेळ दाराकडे बघत बसलो. खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली.

तुम्ही आमच्या गावचे नाही. रीतीप्रमाणे तुम्हाला आत घ्यायचं तर दोन-तृतीयांश मतं लागतील. पण डेल्फीनने पहिला घास घेतला तेव्हा तुम्हीही पुढच्या ओळीकडे नजर टाकलीत, आता हिला काही होतंय का म्हणून. मी पाहिलं. तेव्हा मतदानाची गरज नाही, तुम्ही आमच्यातलेच. या, बसा. पाई उरलीय.