रस्त्याकडेला हरवलेल्या मालिनीकाकू

अमेरिकेतल्या ॲन आर्बरला विद्यार्थी घरं बदलू लागले की रस्त्याकडेला सामानाचे ढीग लागतात. नको ते कडेला ठेवायचं, हवं त्यानं न विचारता उचलायचं, असा तिथला रिवाज. नागपूरहून एकुलत्या मुलाकडे, शंतनूकडे आलेल्या जगन्नाथकाकांना तो फारच मानवला. पलंगाच्या पट्ट्या, खुर्च्यांचे दांडे, कपाटांचे फुटके खण, दिसेल ते लाकूड ते आणत आणि गॅरेजमध्ये ठोकत बसत. शंतनूची गाडी पंधरा दिवस बाहेर उभी होती.

काम खास होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांच्या पत्नी मालिनीकाकू नागपुरातच राहिल्या होत्या. काका निघताना म्हणाल्या होत्या, "चाळीस वर्षांत स्वतःच्या हातानं माझ्यासाठी एक वस्तू केली नाहीत. बदाम नकोत, तेवढी आणा." म्हणून काकांनी प्रत्यक्ष काकूच घडवल्या. दीड फूट उंच, दोन्ही हात कमरेवर, खणाच्या मुठीचा अंबाडा आणि चेहऱ्यावर 'आता काय केलंत?' हा भाव. तो तर अगदी हुबेहूब साधला होता.

शुक्रवारी विमान. बुधवारी मूर्तीला जवसाचं तेल लावून झालं. अंगणात मेपलची दाट सावली, आणि काका पापडापासून गाद्यांपर्यंत सगळ्याला ऊन दाखवणाऱ्या घरातले. ऊन रस्त्याकडेला होतं, तिथं त्यांनी मूर्ती नेऊन ठेवली. चहा घेऊन परत येतात तो काकू गायब.

"बाबा, कर्बवर ठेवलीत?" शंतनूनं कपाळाला हात लावला. "तिथं ठेवलं म्हणजे फ्री असतं."

"अरे, मी वाळत घातली होती."

"ते लोकांना कसं कळणार, यार?"

गुरुवारी सकाळपासून बापलेक गल्लोगल्ली हिंडले. काका परक्यांच्या खिडक्यांतून डोकावत होते. एका बाईनं विचारलं, कुत्रा हरवलाय का?

"नो. वाइफ," काका म्हणाले, आणि उंची हातानं दाखवली. बाईनं फोन काढला, तशी शंतनूनं त्यांना गाडीत कोंबलं.

चौथ्या गल्लीत, वरच्या मजल्याच्या खिडकीत काकू दिसल्या. दार एका मुलीनं उघडलं. सांगलीची आश्लेषा, एमएस करायला येऊन आठवडा झालेला. खोलीत एक गादी, एक कुकर आणि मालिनीकाकू.

"या ना काका," मराठी ऐकून तिचा चेहरा खुलला. मूर्तीकडे काकांची नजर गेलेली पाहून म्हणाली, "कालच मिळाल्या. रात्री न जेवताच झोपणार होते, पण या अशा बघायला लागल्या की उठून खिचडी लावली. आल्यापासून पहिल्यांदा."

"बाबा, सांगा ना," शंतनू कुजबुजला.

काकांनी मूर्ती उचलून तिचा हात हलवून पाहिला. मग म्हणाले, "डावा हात सैल आहे हिचा. आवळून देतो."

हात आवळून आणि अडीअडचणीसाठी आश्लेषाचा नंबर घेऊन ते खाली उतरले. आयुष्यात पहिल्यांदा बायकोसाठी काही केलं, तेही दुसऱ्याच्या घरी ठेवून निघालो, या विचारानं त्यांना फार वाईट वाटलं. रात्री फोनवर त्यांनी भीत भीत सगळं सांगितलं.

काकू म्हणाल्या, "नंबर द्या तिचा."

रविवारी काका नागपूरला पोचले, ते बोलणी खायच्या तयारीनं. काकू पलंगावर पाय लांब करून फोनवर होत्या. "फोडणीत हिंग घातलास? मग चव कुठून येणार? उद्या मला फोटो पाठव."

"अगं, मी आलोय," काका दारातून म्हणाले. "जेवायला वाढतेस?"

काकूंनी फोनवर हात ठेवला. "थांबा हो जरा. लेकीशी बोलतेय."

आपल्याला लेक नाही, हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी मुकाट्यानं स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.